जजसाहेबांचा थाळा

मी, ताहेरुन्निसा, मरहूम उस्मान इब्राहिम हुर्जुक यांची बेवा, वय एकसष्ट, मूळ गाव मुरुड, जिल्हा रायगड, हल्ली मुक्काम मुऐदर, दोहा, अल्लाहचे नाव घेऊन हे लिहायला बसले आहे. डोके ठिकाणावर आहे. चष्मा नवा आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते मी न घाबरता ऐकून घेतले आहे. माझ्या पाठीमागे उभे राहून कोणी हे लिहवून घेत नाही. कोणी उभे राहिले असते, तर मी त्याला आधी बसवून जेवायला वाढले असते. आमच्या घराची रीत तशी आहे, आणि या कागदात पुढे जे काही येईल ते त्या रीतीमुळेच येईल.

हे मराठीत लिहिते, कारण ज्यांनी वाचायचे आहे त्यांना ती कळते. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला इंग्रजी पत्रे लिहायला शिकवले, पण मराठीच्या केसरबाई म्हणत, "ताहेरा, वाक्य लहान ठेव. लांब वाक्यात माणूस लपून बसतो." मला लपायचे नाही.

कलम पहिले. माझी मैय्यत मुरुडला नेऊ नये. विमानातल्या पेटीतून जाण्याची मला हौस नाही. उस्मानना इथे दोह्यात पुरले आहे; त्यांच्याजवळ जागा मिळाली तर उत्तम, नाही तर त्याच कब्रस्तानात कुठेही. दफन झाल्यावर आलेल्या माणसांना जेवू घालावे. नुसत्या चहावर कोणाला परत पाठवू नये.

कलम दुसरे. उस्मानचा काळा कोट जालिंदर लेंगरे यांना द्यावा. जालिंदर सांगलीकडचे, कंपनीची बस चालवतात. ते आमच्या जमातीचे नाहीत, आमच्या धर्माचेही नाहीत, पण उस्मानच्या न्यायाची आठवण त्यांच्याइतकी कोणाला नसेल. एका खोलीत आठ जण राहत आणि एसी एकच. त्याच्याखालच्या खाटेवरून जालिंदर आणि श्रीवर्धनचा एक पोरगा हातघाईवर आले होते. दोघांना आमच्याकडे आणले गेले. रीतीप्रमाणे मी दोघांत एकच थाळा ठेवला. जालिंदर म्हणाले, "भाभी, भांडण मिटू द्या, मग जेवतो की."

उस्मान म्हणाले, "लेंगरे, आमच्या कोर्टात आधी जेवण, मग जबानी. उपाशी माणूस पोटातून बोलतो. आपल्याला तोंडातून बोललेलं हवंय."

जेवण झाल्यावर निवाडा एका वाक्यात झाला. ज्याची ड्युटी उन्हात, तो एसीखाली झोपेल. ड्युटी बदलली की खाट बदलेल. जालिंदर अजून सांगतात, "मी हरलो का जिंकलो ते आजपर्यंत कळलं न्हाई, पण झोप चांगली लागली." कोट त्यांना खांद्यात आखूड होईल. हरकत नाही, भिंतीला टांगावा.

कलम तिसरे, म्हणजे खरे तर उस्मानची ओळख, कारण ती दिल्याशिवाय माझ्या वस्तूंना अर्थ नाही. उस्मान वकील नव्हते. त्यांचे वडील जंजिऱ्याच्या नबाबाच्या कचेरीत कारकून होते आणि लहानपणी उस्मान कचेरीच्या पायरीवर बसून पक्षकारांची भांडणे ऐकत. ते म्हणत, आतल्या न्यायाधीशापेक्षा पायरीवर जास्त खरे ऐकू येते. मॅट्रिक झाले, मुंबईत एका सॉलिसिटरकडे टायपिंग केले, आणि छप्पन साली बोटीने दोह्याला आले. तेलाच्या कंपनीत कारकून. मी सहा वर्षांनी आले. तेव्हा इथे आमच्या रत्नागिरी-रायगडची माणसे होती, पण त्यांच्या भांडणाला घर नव्हते. पोलिसांत जावे तर भाषा येत नाही, कंपनीत सांगावे तर नोकरी जाते. मग एका शुक्रवारी नमाजानंतर दोघे जण उस्मानकडे आले. मी घाबरून दोघांसमोर जे होते ते वाढले, आणि भांडी कमी म्हणून एकाच थाळ्यात वाढले. उस्मानची सगळी न्यायव्यवस्था माझ्या भांड्यांच्या टंचाईतून निघाली. हे त्यांनी कधी कबूल केले नाही.

पुढे त्यातून नियमच झाला. थाळ्याच्या मधोमध एक चांगला तुकडा ठेवायचा, मटणाचा किंवा सुरमईचा. दोघांनी आपापल्या बाजूने भात खात यायचे. उस्मान मला म्हणत, "ताहेरा, हात कसा चालतो ते बघ. तोंड काय बोलतं ते नंतर." ज्याने मधला तुकडा समोरच्याकडे सरकवला, त्याचे भांडण निम्मे मिटलेले असे. दोघांनीही सरकवला नाही, तर संध्याकाळपर्यंत बसायची तयारी ठेवायची.

कलम चौथे. लाकडी हातोडा. हा उस्मानना मिस्टर हॉलिस यांनी दिला. ते अमेरिकन इंजिनिअर, उस्मानच्या ऑफिसात होते, आणि उस्मानना 'जज' हे नाव त्यांनीच दिले. एका शुक्रवारी जाजमाच्या कडेला बसून त्यांनी सारे पाहिले आणि मग मला इंग्रजीतून आपल्या पणजोबांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या देशात वस्ती नवी होती तेव्हा ते न्यायाधीश होते. कोर्ट म्हणजे ओकचे झाड. घोड्यावरून गावोगाव फिरत, खटले चालवत, आणि त्याच लोकांकडे मते मागत. विधिमंडळात दोनदा निवडून गेले. तिसऱ्या निवडणुकीच्या वेळी एका जमिनीचा निवाडा सख्ख्या मेहुण्याच्या बाजूने द्यावा लागला, कारण खरे तेच होते. लोकांनी त्यांना पाडले. म्हातारपणी ते पुन्हा झाडाखाली बसू लागले, आणि पाडणारे लोकच खटले घेऊन आले.

मी ही गोष्ट उस्मानना मराठीत सांगितली. ते हसून म्हणाले, "हॉलिसला सांग, आमच्याकडे ओक नाही, बोर आहे. आणि मेहुणा मलाही आहे."

हातोडा त्यांनी माणसांवर कधी आपटला नाही. आम्ही त्याने खेकड्याच्या नांग्या फोडत असू. तो रुकैयाला द्यावा. तिच्या बालवाडीत पोरांना गप्प करायला उपयोगी पडेल.

कलम पाचवे. रुकैया.

रुकैया माझी मुलगी आहे. मी तिला जन्म दिलेला नाही. हे दोन्ही मी शुद्धीत लिहिते.

तिची आई जैतून इथल्या इस्पितळात तापाने गेली, एकोणीसशे बाहत्तर साली. रुकैया पाच वर्षांची होती. बापाला गावी दुसरे लग्न करायचे होते आणि नव्या सासरी सावत्र पोर चालणार नव्हती. मामा इथेच वेल्डर होता. पोर कोणी ठेवायची, हे ठरवायला दोघे आमच्याकडे आले. बापाच्या बाजूने बोलायला माझा धाकटा भाऊ महमूद होता. सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, त्याचे कापडाचे दुकान, जमातीत चांगले वजन.

मी थाळा ठेवला. बाप एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला, मध्ये ही पोर. दोघे जेवले. दोघे एकमेकांच्या घराची तारीफ करत होते. "तुमच्याकडे अंगण आहे." "तुमच्याकडे आजी आहे." मधला तुकडा तसाच होता. पोर त्याच्याकडे बघत होती आणि कोणाचाही हात हलला नाही. शेवटी उस्माननी वाकून तो तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने खाल्ला आणि ती त्यांच्याच मांडीवर झोपली.

उस्मान म्हणाले, "खलास. निवाडा झाला. पोर इथेच राहील."

महमूद उठून उभा राहिला. "वा दुल्हाभाई! निवाडा दिलात की माल घेतलात? ज्याच्यावरून भांडण, तेच जजनं घरात ठेवायचं?"

"कोणाला हवी असेल तर घेऊन जा, महमूद. झोपलीय तोवर ने, रडणार नाही."

कोणी नेले नाही. पण महमूदचे ते वाक्य गावभर झाले. पुढच्या वर्षी जमातीच्या अध्यक्षपदाला उस्मान उभे राहिले, समोर महमूद. महमूद निवडून आला. त्या रात्री मला माझ्या भावाचे तोंड पाहायचे नव्हते. उस्मान मात्र रुकैयाला घास भरवत म्हणाले, "लोकांचं चुकलं नाही गं. जजनं काही घेऊ नये हे बरोबरच आहे. पण मी घेतलं, आणि परत देणार नाही."

महमूदने निवाड्यासाठी ऑफिस घेतले. खुर्च्या आणल्या, टेबल आणले, पक्षकारांना चहा. भांडणे ऐकून घेतली जात, आणि जिन्यावरून उतरताना पुन्हा सुरू होत. दोन वर्षांत लोक गुपचूप आमच्या अंगणात परत आले. आणि पंचाहत्तर साली महमूद स्वतः आला. तो सुट्टीवर गावी गेला असताना त्याच्या भागीदाराने, हाफिजने, दुकानाचे कुलूप बदलले होते. अध्यक्ष आपलाच खटला कसा चालवणार? मी दोघांसमोर थाळा ठेवला. माझा भाऊ माझ्या घरात पक्षकार म्हणून बसला आणि मान वर न करता जेवला. उस्माननी निवाडा त्याच्या बाजूने दिला, कारण खरे तेच होते. हाफिज बाहेर जाऊन म्हणाला, मेहुणा आहे ना! पुढची निवडणूकही उस्मान हरले. एकदा मेहुण्याच्या विरुद्ध गेले म्हणून, एकदा मेहुण्याच्या बाजूने गेले म्हणून. मी त्यांना म्हटले, "हॉलिसच्या खापरपणजोबांनाही एकदाच पाडलं होतं. तुम्ही पुढे गेलात."

एकोणऐंशी साली उस्मान बिनविरोध अध्यक्ष झाले. महमूदने अर्जच भरला नाही. मी कारण विचारले तर म्हणाला, "आपा, दुकानात स्टॉक आलाय, वेळ कुणाला आहे?" पाच वर्षे उस्माननी ते काम केले आणि त्यातच गेले. शेवटच्या आठवड्यात इस्पितळातही दोन ड्रायव्हर एकच डबा घेऊन त्यांच्या खाटेजवळ जेवत बसलेले मी पाहिले आहेत. नर्स ओरडत होती. उस्मान त्यांच्या हातांकडे बघत होते.

कलम सहावे. मुरुडचे घर. ज्यांनी आधीची पाने उलटून इथूनच वाचायला घेतले असेल, त्यांनी कृपया मागे जावे.

हे घर उस्माननी मला महरात, म्हणजे निकाहाच्या वेळी बायकोला द्यायच्या हक्कात, दिले. ते माझे एकटीचे आहे. मला मूल नाही, नवरा नाही, आई-वडील नाहीत. माझा कायदेशीर वारस एकटा महमूद. वाढवलेल्या मुलीला आमच्या शरियतीत वारसा नाही, आणि मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त तिला देता येत नाही. उस्मान हा नियम इतरांना इतक्या वेळा समजावत असत की मला तो पाठ आहे. म्हणून मी घर मृत्युपत्राने देत नाही. मेले तर वाटणी होते. जिवंतपणी दिले तर हिबा होतो. हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने बोलून द्यावे, घेणाऱ्याने घ्यावे, आणि ताबा सोडावा. गेल्या मे महिन्यात मुरुडला शेजारच्या मंडळींसमोर मी बोलून दिले, रुकैयाने घेतले, किल्ली तिच्या हातात ठेवली. माझी ट्रंकसुद्धा त्या घराबाहेर काढली आणि दोन रात्री नफिसा मामींकडे झोपले, म्हणजे ताब्याबद्दल कोणाला शंका नको. रुकैया आता तिथे राहते. पडवीत तिची बालवाडी भरते. दोह्याच्या शाळेत असताना मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी आता कोळ्यांच्या पोरांना मराठीत दटावते. मी कौतुक केले तर म्हणते, "अम्मी, डोन्ट स्टार्ट."

कायदा माझ्या बाजूला आहे. पण गेल्या ईदला महमूद चार लोकांत म्हणाला, "आपाचे डोळे मिटू देत. ते घर आमच्या भिंतीला लागून आहे, आमच्या रक्ताचं आहे. मी त्या पोरीला कोर्टात उभी करीन." तो हरेल, हे मला ठाऊक आहे. पण अलिबागच्या कोर्टात तारखा पडत जातील, आणि रुकैयाला प्रत्येक तारखेला सांगावे लागेल की ती कोणाची कोण. एकदा ती थाळ्यात मध्ये बसली होती. पुन्हा बसवायची नाही.

म्हणून शुक्रवारी महमूदला जेवायला बोलावले आहे. रुकैया सुट्टीवर इथे आलेली आहे. तांब्याच्या थाळ्याचे काय करायचे, हे मी शुक्रवारनंतर लिहीन. तोवर आठवे कलम कोरे.

कलम सातवे. माझ्या बांगड्या, शिवणयंत्र आणि कॉन्व्हेंटात बक्षीस मिळालेला शब्दकोश रुकैयाला. हे सारे तृतीयांशात आरामात बसते. जे उरेल ते महमूदचे. ते मी देत नाही, कायदा देतो. त्याने माझे आभार मानू नयेत.

कलम आठवे. आज शुक्रवार. जेवण झाले आहे, हात धुऊन लिहिते.

महमूद जुम्म्याची नमाज पढून आला. दाढी पार पांढरी झाली आहे. अंगणात बोरीखाली जाजम अंथरलेले पाहून म्हणाला, "काय आपा, आज पिकनिक?" मग त्याने थाळा पाहिला. भात, नारळाच्या रसातली कोळंबी, बाजूला सांदणं, मधोमध सुरमईचा तुकडा. समोर रुकैया बसलेली. तो तसाच उभा राहिला.

"खटला कोणाचा आहे, आपा?"

"तुझा आणि हिचा."

"आणि जज कोण?"

"जज नाहीत. नुसता थाळा आहे. जेवायचं तर जेव, नाही तर दार उघडं आहे."

जालिंदर साक्षीला म्हणून आले होते. ते बोरीच्या बुंध्याशी कोटाचे माप घेतल्यासारखे उभे होते. महमूद त्यांच्याकडे बघून म्हणाला, "लेंगरे, तुम्हालाही गोवलं का हिनं?"

"मी एसीच्या केसपासून गोवलेलाच आहे, शेट."

महमूद बसला. चपला काढताना त्याला वाकायला त्रास झाला. दोघे जेवू लागले. मी कितीही वेळा शिकवले तरी रुकैया भात बोटांच्या टोकाने खाते, उस्मानसारखी. महमूद तिच्या हाताकडे बघत होता. मी त्याच्या.

"बालवाडीत पोरं किती येतात?" त्याने विचारले.

"ठरलेलं नाही, मामू. पाऊस असला की कमी."

"पडवी गळते. माझ्या भिंतीच्या बाजूनं. मला माहीत आहे."

"आय नो. बादली ठेवते."

"बादलीनं काय होतं? कौलं बदलायला हवीत."

भात संपत आला होता. मधला तुकडा तसाच होता. मी वाढायचे विसरले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. महमूदने हात पुढे केला, सुरमईचा तुकडा बोटांनी उचलला नाही, नुसता सरकवला, थाळ्याच्या त्या कडेपर्यंत, रुकैयाच्या भाताला लागेपर्यंत.

"खा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बसलोच होतो तिथं. माझाही हात रिकामा होता."

रुकैयाने तुकडा मोडून अर्धा परत त्याच्याकडे सरकवला. म्हणाली, "मामू, काटे तुम्ही काढा." त्याने काटे काढले.

म्हणून या कलमात लिहिते: तांब्याचा मोठा थाळा, ज्यात उस्मान हुर्जुक यांनी आमच्या माणसांचे न्याय केले, तो मी मृत्यूची वाट न बघता आज माझा भाऊ महमूद याच्या हाती दिला आहे. अट एकच. तो भिंतीला लावायचा नाही. शुक्रवारी अंगणात ठेवायचा, आणि जो भांडत येईल त्याला आधी वाढायचे. मधला तुकडा चांगला असावा.

यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे. हा कागद वरील सर्वांच्या देखत वाचून दाखवला, मला तो मान्य आहे, आणि मला आता थोडे पडायचे आहे.

स्थळ: मुऐदर, दोहा
दिनांक: १६ डिसेंबर १९८८

ताहेरुन्निसा उस्मान हुर्जुक
(सही)

साक्षीदार:

१. जालिंदर पोपटराव लेंगरे
(सही) वाचून घेतलं. कोट बसतो.

२. महमूद अब्दुल करीम पेशइमाम
(सही) मुरुडच्या घराला माझी हरकत नाही. कौलं मी घालून देईन. थाळा मिळाला, कल्हई उडाली आहे, ती करून घेतो.